बेअरिंग बदलण्याआधी पट्टा बघा

भोसरीचा मिस्त्री: "पुलीचं बेअरिंग लवकर गेलं म्हणजे माल डुप्लिकेट. भारीतलं टाका, विषय संपला," असं काल इथं एकाने ठोकून दिलंय. नाही संपत. कडबाकुट्टीचा पट्टा घसरू नये म्हणून लोक तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा उरतं, मग कंपनी कुठलीही असो. दोन पुल्यांत मीटरभर अंतर असेल तर मधोमध बेताने दाबल्यावर पट्टा साधारण १६ मिमी दबायला हवा. आणि दोन्ही पुल्यांच्या कडांवरून दोरी ताणून बघा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे, म्हणजे पुल्या एका रेषेत आहेत.

मंचरकडचा शेतकरी: काल मीच लिहिलं होतं. माझा पट्टा ढिलाच असतो, तरी ६२०५ नंबरच्या बेअरिंगने एक पावसाळा काढला नाही. फोडलं तर आत गंज. दुकानदाराकडे बिल मागितलं तर म्हणे, बिलाचा भाव वेगळा!

नारायणगाव: गंज म्हणजे पाणी शिरलंय. कुट्टी प्रेशरने धुता ना? बेअरिंगवर झेडझेड लिहिलेलं असेल तर त्याचं झाकण नुसता पत्रा, पाणी अडवत नाही. टू-आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सीलचं घ्या. तरी फवारा थेट सीलवर नको.

मंचरकडचा शेतकरी: जनावरांची वैरण कापतो, मशीन घाण ठेवू का? बिलाचं बोला की कुणीतरी.

बारामती: मी बोलतो. बेअरिंगच्या खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव, आणि कडीवरचे आकडे अंगठ्याने पुसले गेले. ऐन गव्हाच्या सुगीत मळणीयंत्र बंद, मजूर बांधावर बसून. त्यांची हजेरी मी दिली. बिल नाही म्हणून दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. बिनबिलाचा माल घेणं आपणच बंद केलं पाहिजे.

नारायणगाव: गावात एकच दुकान असलं की कुणाशी भांडणार?

बारामती: म्हणून स्वतःला लुटू द्यायचं?

भोसरीचा मिस्त्री: नकली माल आहे, मान्य. पण अस्सल तरी बसवता कसं? बाहेरच्या कडीवर हातोडा मारून शाफ्टवर ठोकता. तो घाव गोळ्यांतून जातो, रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर, खड्डे पडतात. आतल्या कडीवर पाइप टेकवून ठोका.

मंचरकडचा शेतकरी: म्हणजे फिरून चूक शेतकऱ्याचीच! रात्रीच्या लाइटवर बॅटरीच्या उजेडात बसवून दाखवा एकदा.

शिरूरची ताई: दादा, चिडू नका. आमची कुट्टी मीच चालवते. आमच्याकडे ब्लॉकमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घरात, सील बाहेर येईपर्यंत ग्रीस मारायचे. जास्त ग्रीसने बेअरिंग तापतं आणि फुटक्या सीलमधून भुसा आत जातो. आता बेतानं मारते.

मंचरकडचा शेतकरी: दोरी लावली. मोटरच्या पुलीपाशी बोटभर फट आहे. मोटर सरकवतो, तेवढं तुमचं खरं. पण पुढचं बेअरिंग बिल देणाऱ्याकडूनच घेणार.

भोसरीचा मिस्त्री: जरूर घ्या. जुन्याच्या बाहेरच्या कडीचा आतून फोटो टाका. गोळ्यांचा चट्टा मधोमध नसून एका कडेला असेल तर बाजूचा ताण होता, ते कळेल.