ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि शुगर: व्हिटॅमिनच्या गोळ्या द्यायच्या का?

रात्रपाळी:
बाबांची एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ७.९ आलीय, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू आहे. ओळखीतल्या एका काकांनी व्हिटॅमिन सी आणि ईच्या गोळ्या आणून दिल्यात, म्हणे शुगर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळेच होते, तो घालवला की शुगर गेली. बाबा लगेच खूश, आता मेटफॉर्मिन सोडतात की काय याची मला धास्ती. हा स्ट्रेस म्हणजे टेन्शनच ना?

मायटोवाला:
छे, टेन्शन वेगळं. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तिची वीजघरं, ग्लुकोज जाळतात तेव्हा थोडे इलेक्ट्रॉन मधेच गळतात, ते ऑक्सिजनला चिकटले की सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीची नासधूस करणारा कण, तयार होतो. एरवी पेशी ते निस्तरते, पण साखर कायम चढलेली असली की आवरत नाही, हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यात डोळ्याचा पडदा, किडनी, नसा इथल्या पेशींना दार लावताच येत नाही, रक्तात साखर वाढली की आतही वाढणार, म्हणून झळ आधी तिथेच. ब्राउनली या संशोधकांनी २००१ च्या आसपास हे नीट जोडून दाखवलं. आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींकडे हे निस्तरणारी कॅटलेजसारखी एन्झाइम्स मुळातच कमी, म्हणजे त्याही यातच भरडतात. काका अर्धे बरोबर आहेत, पण साखर वाढल्यामुळेही स्ट्रेस वाढतो हे विसरले.

कोपऱ्यातली खुर्ची:
अर्धे बरोबर असले तरी गोळीचं काय? २००० साली होप ट्रायलचे निकाल आले, नऊ हजारांवर लोक, त्यात डायबेटिसवाले भरपूर, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई साडेचार वर्षं, हार्ट अटॅकमध्ये फरक शून्य. २००९ मध्ये तर उलटंच दिसलं, निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, ज्यांना सी आणि ई दिलं त्यांची इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी (इन्सुलिनला शरीर किती दाद देतं ते) सुधारलीच नाही, बाकीच्यांची सुधारली!! व्यायामात होणारे थोडे फ्री रॅडिकल्स शरीराला 'तयारीला लाग' असा निरोप देतात, गोळीने तो निरोपच खाल्ला.

मायटोवाला:
+१. आणि सी जास्त घेतलं तर अंगावर लावायचे साखर मोजणारे काही सेन्सर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, माझ्या सासऱ्यांचं तेच झालं, आम्ही दोन दिवस उगाच घाबरलो.

रात्रपाळी:
थँक्यू दोघांना. व्यायामाचा किस्सा बाबांना सांगितला तर म्हणतात, "मग गोळ्या ठेवतो, व्यायाम सोडतो." डॉक्टरांकडे जाताना दोन्ही डब्या पिशवीत टाकतेय.