मदत हवी आहे: २२ माणसं, तीन पिढ्या, जानेवारी. गुहागर की दापोलीजवळचं कर्दे-मुरुड?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही सगळी चुलत-आते भावंडं, मुलंबाळं आणि मागची पिढी मिळून समुद्रावर जायचं म्हणतोय. पुण्याहून शुक्रवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री परत. सर्वांत धाकटी चार वर्षांची, थोरली आत्या ८१ ची. एक १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक कार. २६ जानेवारीच्या आसपास जायचं नाही, एवढ्यावर एकमत झालंय. बाकी रोज रात्री ग्रुपवर भांडणं.

अलिबाग बाद, कारण शनिवारी तिथे निम्मं ऑफिस भेटतं. मालवण दोन रात्रींसाठी लांब पडतं. उरले गुहागर आणि कर्दे-मुरुड.

खरी अडचण राहण्याची आहे. कर्द्याला अगदी वाळूला लागून एक रिसॉर्ट मिळतंय, सगळ्या खोल्या एकाच ठिकाणी. पण तळमजल्यावर आम्हाला दोनच खोल्या देणार आणि फोटोतला समुद्र वरच्या मजल्यावरचा आहे. आत्याचे गुडघे जिना चढू देत नाहीत. गुहागरला घरगुती सोय बघितली, मालक फोनवर फार अगत्याने बोलले. पाच खोल्या त्यांच्याकडे, उरलेली मंडळी शेजारच्या घरी. समुद्र खोलीतून दिसत नाही, पण पडवी ऐसपैस आहे. माझं मत गुहागरकडे झुकतंय. रात्री सगळे एका पडवीत बसणार नसतील तर एवढ्या माणसांना हलवायचं कशाला? तरुण मंडळींना मात्र 'सी-व्ह्यू' हवाय.

घरगुती ठिकाणी एवढ्या माणसांचं जेवण वेळेवर होतं का? निम्मे मासेखाऊ, निम्मे शाकाहारी, आणि आत्याला कांदा-लसूणही चालत नाही. आगाऊ पैसे देण्याआधी काय काय विचारून घ्यावं?

प्रतिसाद १
माझं सासर गुहागरचं, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला.

घर रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे ते आधी विचारा. समुद्राच्या अंगाला असेल तर मागच्या नारळी-पोफळीच्या वाडीतूनच वाट सुरूच्या बनात आणि पुढे वाळूवर जाते. पण वाडी लांब असते. त्या वाटेचा व्हिडिओ मागवा, पायऱ्या किंवा पाण्याचे पाट ओलांडावे लागतात का ते दिसेल. ८१ च्या बाईंसाठी कमोड खोलीतच आहे का, की अंगण ओलांडून, हेही स्पष्ट विचारा. 'सगळी सोय आहे' या उत्तरावर समाधान मानू नका.

जेवण वेळेवर होतं, पण माणसं मोजून आदल्या दिवशी सांगावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर नक्कीच. मासे आणि शाकाहारी एकाच स्वयंपाकघरात होतात का, हे आत्यांना चालणार आहे का ते बघा. अनेक घरं फक्त शाकाहारीच करतात. मग मासेखाऊंनी एक वेळ बाहेर जेवायचं.

तारीख ठरवताना तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी फिरायला वाळू कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या आगेमागे, संध्याकाळी ओहोटी. चालायला लांबरुंद किनारा मिळतो. मात्र ओहोटी लागल्यावर पोरांना पाण्यात खोल जाऊ देऊ नका, पाणी आत ओढतं.

प्रतिसाद २
दापोलीची बाजू मांडायला कोणीतरी हवं! हर्णैला संध्याकाळचा माशांचा लिलाव आणि समोर सुवर्णदुर्ग, मुलं हरखतील. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते. आसूदच्या केशवराजला मात्र ज्येष्ठांना नेऊ नका, ओढा ओलांडून पुष्कळ पायऱ्या आहेत. आणि दाभोळ-धोपावे जेट्टीवरून गाडीसकट पलीकडे जाऊन दोन्ही गावं 'करू' असा बेत कोणी मांडला तर हाणून पाडा. दोन रात्रींत सामान बांधण्यातच जीव जाईल.

धागाकर्ती
दोघांनाही धन्यवाद. जेट्टीचा बेत धाकट्या दिराने खरंच मांडला होता, प्रतिसाद त्याला पाठवला आहे.

मालकांना पुन्हा फोन केला. घर समुद्राच्या अंगाचं आहे, वाट सपाट आहे, कमोड दोनच खोल्यांत आहे. त्या दोन्ही ज्येष्ठांना. स्वयंपाक शाकाहारीच, कांदा-लसूण वेगळं ठेवतील. हेदवी आणि वेळणेश्वर शनिवारी सकाळी उरकणार, संध्याकाळ किनाऱ्यावर. तारीख पौष पौर्णिमेला धरून शोधतेय.

आता दोनच प्रश्न. ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय घरगुती ठिकाणी धरलेली असते की वेगळी सांगावी लागते? त्याला गाडीत झोपवायचं नाहीये, रविवारी कुंभार्ली घाट त्यालाच चढायचा आहे. आणि गुहागरात मासे चांगले कुठे मिळतील? वाट पाहणारे अकरा जण आहेत.