मदत हवी: शॉवरच्या अमेरिकन दांड्याचे आटे भिंतीतल्या एल्बोत नीट बसत नाहीत

नमस्कार मंडळी. आईला आता खुर्चीवर बसूनच अंघोळ घालावी लागते, म्हणून भावाने न्यू जर्सीहून येताना लांब नळीचा हँडशॉवर, त्याचा दुतोंडी कॉक आणि भिंतीतला दांडा असा पूर्ण सेट आणला. घर पुण्यात आहे. भिंतीत सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाइपची) लाइन आहे आणि तिला पितळी आट्यांचा अर्धा इंची एल्बो, म्हणजे काटकोनी जोड.

जुना दांडा हाताने पाच-सहा फेरे सहज जायचा. नवा अडीच फेऱ्यांतच जाम होतो. टेफ्लॉन गुंडाळून बसवला, तर मागून थेंब थेंब पाणी येतं. काढून पाहिलं तेव्हा टेपला पितळेची बारीक पिवळी चमक लागलेली होती. म्हणजे एल्बोचे आटे कापले जातायत, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

शोधल्यावर कळलं ते असं. पाइपच्या आट्यांची मापं दोन: आपल्याकडे बीएसपी (ब्रिटिश), तिकडे एनपीटी (अमेरिकन). अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला १४च आटे, म्हणून सुरुवातीला फसायला होतं. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. (एक इंची पाइपला बीएसपीचे इंचाला ११ आणि एनपीटीचे साडेअकरा आटे, तिथे फरक लगेच कळतो.) व्हर्निअर लावला तर जुना दांडा सगळीकडे जवळपास सारखाच भरतो, नवा मागे जाड होत जातो.

प्लंबरदादा म्हणतात, 'ताई, अजून टेफ्लॉन मारू आणि पान्याने आवळू.' मला ते पटत नाही. जोर लावून एल्बोतलं पितळ प्लास्टिकमध्ये फिरलं किंवा एल्बो तडकला, तर टाइल्स फोडाव्या लागतील.

माझे प्रश्न:

एका बाजूला बीएसपीचे बाहेरचे आटे आणि दुसऱ्या बाजूला एनपीटीचे आतले, असा अर्धा इंची पितळी ॲडॉप्टर कुणी वापरलाय का? बोहरी आळीत दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही साधा निपल (दोन्ही टोकांना बाहेरून सारखेच आटे असलेला तुकडा) पुढे केला.

की जुना देशी दांडाच ठेवून त्यावर हा दुतोंडी कॉक लावू? त्याच्या आत रबरी वॉशर आहे. पाणी आट्यांवर न अडता वॉशरवर अडलं, तर दोन-तीन फेरे पकड पुरेल का? आम्ही वरून दुसऱ्या मजल्यावर, टाकी गच्चीवर, त्यामुळे दाब बेताचाच आहे.

आणि कापल्या गेलेल्या पहिल्या दोन-तीन आट्यांचं काय? जुना दांडा परत लावलाय, सध्या गळत नाही. आईची अंघोळ तूर्त बादली-तांब्यावर चालू आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.