मदत हवी आहे: पक्ष्यांच्या जुन्या चित्रांवर काळे डाग, पुस्तक घ्यावं का?

धनेश: पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक विकत मिळतंय. दोन दिवस बघायला घरी आणलंय. चित्रं अप्रतिम आहेत, पण सहा-सात चित्रांत पक्ष्यांवर काळपट डाग आलेत. बुरशी आहे का? कशाने जाईल? उद्या संध्याकाळी हो की नाही ते सांगायचंय, कृपया लवकर कळवा.

भिंगवाला: कोणतं पुस्तक? साल, आकार? रंग छापलेले की हाताने भरलेले? डाग कागदावर आहेत की रंगावर?

जुनीपानं: बुरशीच असणार. माझ्या तीन पुस्तकांना झाली होती. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून पंधरा दिवस ठेवा, मग मऊ ब्रशने झाडा. तरी राहिली तर ब्लीचच्या अगदी पातळ पाण्यात पान बुडवून काढायचं.

भिंगवाला: ब्लीच अजिबात नको! हाताने भरलेले रंग असतील तर ते जलरंग आहेत, पाण्यात फुटतील. आणि ब्लीच कागदात राहिलं की कागद ठिसूळ होतो.

जुनीपानं: माझं पान दहा वर्षं नीट आहे.

भिंगवाला: त्यावर जलरंग होता का?

जुनीपानं: नाही, नुसता मजकूर होता. पण कागद तो कागदच.

धनेश: भांडू नका हो. व्यवहार झालेला नाही म्हणून नाव आत्ता सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातलं आहे. विक्रेता म्हणतो लिथोग्राफ, हाताने रंगवलेले.

रानपाखरू: लिथोग्राफ म्हणजे छापील ना? मग हाताने रंगवलेलं कसं?

शाईदौत: दगडावरून फक्त काळ्या रेषा छापत. मग नमुन्याचं एक चित्र समोर ठेवून रंगारी प्रत्येक प्रत हाताने रंगवत. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डच्या हिमालयातल्या पक्ष्यांच्या पुस्तकासाठी (1830च्या दशकाची सुरुवात) दगडावरची चित्रं त्याची पत्नी एलिझाबेथ हिने काढली होती. तिचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

रानपाखरू: अमेरिकेतले पक्षी चितारणाऱ्या ऑड्युबॉनची पण अशीच ना?

शाईदौत: नाही, त्याच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ची मोठी आवृत्ती (1827 ते 1838, 435 चित्रं) तांब्याच्या पत्र्यांवरून छापली. रंग मात्र तिथेही हातानेच. धनेश, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, दहापट भिंग लावा. हाताचा रंग कुठे कुठे रेषेबाहेर जातो आणि वाळताना कडेला गडद होतो. छापील रंग असेल तर ठिपके दिसतात.

पिंपळपान: सरळ चित्रं सुटी करून फ्रेम करा. डागाळलेली बाजूला ठेवायची.

भिंगवाला: असं फोडून फोडूनच अखंड प्रती संपत चालल्यात. हा सल्ला इथे देऊ नका, कळकळीची विनंती आहे.

धनेश: भिंग लावलं. ठिपके नाहीत, दोन ठिकाणी रंग रेषेबाहेर आहे. डाग फक्त पांढऱ्या पोटावर आणि डोळ्यांतल्या चमकेवर आहेत. आजूबाजूचा कागद स्वच्छ.

शाईदौत: हे आधीच सांगायला हवं होतं. बुरशी रंग बघून बसत नाही. हा शिशाचा पांढरा रंग आहे. हवेतल्या गंधकाच्या वायूने त्याचं काळं लेड सल्फाइड होतं. जुन्या पक्षीचित्रांत हे नेहमी दिसतं. कागदाचे संवर्धक हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून ते पुन्हा पांढऱ्या संयुगात आणू शकतात, पण घरी हात लावू नका. एवढ्यासाठी पुस्तक सोडू नका.

जुनीपानं: तरी एकदा वास घेऊन बघा. कुबट आला तर माझंच खरं.

भिंगवाला: डागांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे चित्रं मोजलीत का? सुरुवातीच्या यादीशी एकेक ताडून बघा.

धनेश: वास नाही. चित्रं आत्ता मोजली, दोन कमी आहेत. घुबडाच्या जागी टिश्यू (चित्रावर घातलेला पातळ संरक्षक कागद) तसाच आहे, त्यावर घुबडाचा पुसट ठसाही उमटलाय, पण चित्र नाही. शिवणीजवळ कागदाची बारीक पट्टी उरलीय.

भिंगवाला: पात्याने कापलंय. दुसऱ्या जागीही पट्टी आहे का बघा, आणि विक्रेत्याला हे माहीत होतं का ते विचारा. अपूर्ण प्रतीची किंमत अपूर्ण प्रतीसारखीच हवी.

धनेश: दुसरीकडेही पट्टी आहे. त्यांना फोन लावतोय.