ताडोबा : गाव बाहेर, जिप्सी आत? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

पर्वतीचा पायथा
मार्चमध्ये ताडोबाला जाऊन आलो. पाणवठ्यावर वाघीण, समोर सफारीच्या अकरा उघड्या गाड्या, जिप्स्या. मोजायला वेळ होता, कारण पुढच्या गाडीतल्या टोप्यांमुळे वाघिणीचा फक्त एक कान दिसत होता. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. कोअरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात, माणसाचा वावर नको म्हणून गावं उठवायची, कुटुंबामागे 15 लाख द्यायचे, आणि मग त्याच जंगलात आपण कॅमेरे घेऊन फिरायचं? 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. तीन महिन्यांत बंदी उठली आणि 20 टक्के कोअरपर्यंत मुभा मिळाली. माझं मत : 625 चौ.किमी.चा कोअर पूर्ण बंद करा. बफर, म्हणजे कोअरभोवतीचा पट्टा, 1100 चौ.किमी.च्या आसपास आहे, सफारी तिथे न्या.

संत्रानगरी
गाव आणि जिप्सी एका मापाने मोजू नका. जिप्सी ठरलेल्या रस्त्याने जाते, अंधाराआधी बाहेर पडते, मंगळवारी आणि पावसाळ्याचे तीन महिने कोअरमध्ये फिरकत नाही. गावासोबत गुरं आली, कुत्री आली, सरपण आलं. कोअरमधलं नवेगाव-रामदेगी गाव उठलं, त्या शिवारात आज कुरण आहे, गवे चरतात. शिवाय पर्यटकांचा राबता असला की शिकारी बिचकतात.

बांबूचं बेट
पुण्यात बसून कोअर बंद करता जी, मग आमी काय करावं? मी ताडोबाच्या कोलारा गेटाकडचा, गाईड हाय. घरी दोन एकर धान, पाऊस दगा देते तवा तेही नाही. बहिणीचं लगन गाईडकीच्या पैशावर झालं. अन् अकरा जिप्स्या काहून लागल्या? "वाघ दाखव, टिप देतो" म्हणणारे कोन? गाडी मागं घ्या म्हटलं का पाहुण्याचं तोंड वाकडं होते.

धुऱ्यावरची
गाईडभाऊ, तुमचं खरं. पण गावात गाईड किती अन् धानवाले किती? "सफारी बफरमध्ये न्या" म्हणणाऱ्यांनी ऐका : बफर म्हणजे मोकळं रान नाही, आमचं गाव आहे तिथं. मे महिन्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला निघतो. काम सगळं वाकून. वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही. सासू डबा वाजवत पुढे, आम्ही चौघी मागे. वाघाने मारलं तर 25 लाख मिळतात. एक पाहुणा म्हणाला, रक्कम बरी आहे. मी चहाचा कप उचलून आत गेले.

पर्वतीचा पायथा
बफरचं मी नकाशा बघून बोललो, चुकलं. कोअरवर मात्र ठाम आहे. संत्रानगरी, पर्यटक असतात ते 20 टक्क्यांत. बाकीचं जंगल वनरक्षक पायी फिरून राखतात, तिथे कुठली जिप्सी? आणि ज्या तारूवरून ताडोबा नाव पडलं, तो वाघाशी झुंजताना गेलेला गोंडांचा देव. त्याचं देऊळ तळ्याकाठी, आत. त्याच्या दर्शनालाही आता गेट ओलांडावं लागतं.

बांबूचं बेट
देवाचं बरोबर बोलले. गाड्या कमी करा म्हना, बंद नोका करू.

धुऱ्यावरची
कमी करा नाहीतर वाढवा. गेटच्या पैशातून आमच्या धुऱ्याला कुंपण मिळेल का, तेवढं विचारा कोणीतरी. परवा तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी उतरली, रात्रीतून रानडुकरांनी धानाची अर्धी बांधी लोळवली.