तोंडातल्या जिवाणूने म्युटन्सला रोखलं, म्हणून त्याला प्रोबायोटिक म्हणायचं का?

वारणाकाठ
एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष, सांगली जिल्हा. प्रकल्पासाठी वसतिगृहातल्या चौदा जणींची लाळ आणि जिभेवरचा स्वॅब घेतला (एथिक्स कमिटीची परवानगी आणि संमतीपत्रं आहेत, आधीच सांगते). एमआरएस अगारवरून (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं माध्यम) ४२ आयसोलेट, म्हणजे वेगळे काढलेले जिवाणू, उचलले; ग्राम पॉझिटिव्ह आणि कॅटलेज निगेटिव्ह (लॅक्टिक आम्ल करणाऱ्यांची ढोबळ ओळख) असे २६ ठेवले. चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहातून मागवलेल्या, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सवर वेल डिफ्यूजन केलं (म्युटन्स पेरलेल्या अगारमध्ये भोक पाडून त्यात आयसोलेट वाढवलेला द्रव घालायचा; वाढ थांबली तर भोवती मोकळा झोन दिसतो). तिघांचे झोन आले, सगळ्यात मोठा आर-९ चा, १८ मिमी. ती प्लेट मी अख्ख्या डिपार्टमेंटभर मिरवली.

आता सर म्हणतात, पीएच २ आणि ०.३ टक्के पित्त सहन करतो का बघ, ओळख पटवायला १६एस जनुकाच्या सिक्वेन्सिंगला पाठव आणि 'संभाव्य प्रोबायोटिक' लिहून मोकळी हो. पण जिवाणू तोंडातला, काम तोंडातच, मग त्याला जठरातून का पाठवायचं? सरांचं उत्तर, "सगळ्या पेपरांत करतात." हातात सात आठवडे आहेत.

गुळणी_७२
आमची आजी रोज तिळाच्या तेलाने गुळण्या करायची. नव्वदीत अक्रोड फोडायची. तुम्ही पोरं प्लेटा मोजत बसा.

जुनीप्लेट
आजींना नमस्कार. वारणा, पित्ताचं नंतर, आधी त्या १८ मिमीचं बघू.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडेही अशीच देखणी प्लेट होती. तिच्या जिवावर मी आठ महिने काढले. मग एका सेमिनारमध्ये मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "न्यूट्रलाइज केलं होतंस का?" केलं नव्हतं. लॅबमध्ये येऊन सुपरनेटंटचा (जिवाणू खाली बसवल्यावर वर उरलेल्या द्रवाचा) पीएच मोजला तर ४.१. सोडियम हायड्रॉक्साइडने ६.५ वर आणला, गाळला, पुन्हा वेलमध्ये घातला. सकाळी बघते तर म्युटन्सची सलग साय धरलेली, झोनचा पत्ता नाही. ज्याला मी बॅक्टेरिओसिन (दुसऱ्या जिवाणूंना मारणारं प्रथिन) म्हणत होते ते निव्वळ लॅक्टिक आम्ल होतं.

एमआरएसमध्ये लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज असतं, वर अ‍ॅसिटेट. एवढं पंचपक्वान्न वाढल्यावर लॅक्टोबॅसिलस आम्ल करणारच. आतड्यासाठी ते चालून जाईल, तोंडात मात्र पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. चोर पकडायला घरालाच आग लावल्यासारखं आहे ते. त्यामुळे आधी न्यूट्रलाइज कर. तरी झोन राहिला तर कॅटलेज घालून बघ, कारण तोंडातले बरेच स्ट्रेप्टोकॉकस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि कॅटलेज ते मोडतं. त्यातूनही उरला तर प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के. महाग पडत असेल तर ट्रिप्सिन. त्याने झोन गेला तर आत प्रथिन आहे असं म्हण, पण राहिला तर त्यावरून काहीच ठरवू नकोस.

हे काम नीट कसं होतं ते बघायचं तर न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या ओटागो विद्यापीठातले जॉन टॅग वाच. त्यांचा प्रश्नच उलटा होता: कोणता जिवाणू बशीत कुणाला मारतो हे नाही, तर काही मुलांचे घसे स्ट्रेप्टोकॉकसने बसतच नाहीत, त्यांच्या तोंडात असं कोण राहतं? अशाच एका धडधाकट मुलाच्या तोंडातून स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस के१२ मिळाला. त्यांच्या ब्लड अगारमध्ये कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असे, म्हणजे आम्ल तिथल्या तिथे मरतं आणि झोन दिसला तर तो आम्लाचा नसतो. खाली उत्पादक जिवाणूची एक रेघ, तो काढून टाकल्यावर तिच्यावर आडवे नऊ इंडिकेटर, म्हणजे मरतात का बघायचे जिवाणू. तिघातिघांचे गट, गटातल्या तिघांना ४, २, १ असे गुण, जे रोखले गेले त्यांची गटागटाने बेरीज, त्यातून तीन आकडी नंबर. के१२ चा नंबर ७७७, म्हणजे नऊच्या नऊ गारद. (हा नंबर मला अजून लॉटरीच्या तिकिटासारखा वाटतो.) त्याची सॅलिव्हॅरिसिन ए२ आणि बी ही दोन हत्यारं एका भल्यामोठ्या प्लाझमिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर) असतात. हा सॅलिव्हेरियस म्हणजे योगर्टच्या विरजणातल्या थर्मोफिलसचा सख्खा चुलतभाऊ. १९९१ पर्यंत थर्मोफिलसची नोंद त्याचीच उपप्रजाती म्हणून होती.

आता पित्त. ते टेबल सरांना हवंच असेल तर एका दुपारचं काम आहे, करून टाक. पण वेळ घालव तो लाळेतल्या लायसोझाइममध्ये तगतो का, दाताचं खनिज असलेल्या हायड्रॉक्सिअपॅटाइटला चिकटतो का, आणि १ टक्का सुक्रोज दिल्यावर पीएच किती खाली नेतो, यावर. आर्जिनिन ब्रॉथमध्ये वाढवून नेसलर रिएजंटही घालून बघ. नारंगी झालं तर अमोनिया सुटतोय, म्हणजे आम्लावर उतारा त्याच्याजवळच आहे.

आणि एक सांग. आर-९ कुणाच्या तोंडातला?

दाढदुखी
डेंटिस्ट आहे, कोल्हापूर. ताईंनी सुरक्षिततेचं अजून काढलं नाही म्हणून लिहितो. तोंडातले हेच विरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकॉकस रक्तात शिरून हृदयाच्या खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर बसले की एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग, होतो. "तोंडात असतोच, म्हणजे निरुपद्रवी" हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहू नका. ब्लड अगारवर हिमोलिसिस (रक्तपेशी फोडतो का) बघा. अँटिबायोटिकच्या डिस्क लावा, टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिन धरून. या मंडळींमध्ये टेट्रासायक्लिनला दाद न देणारं टेट-एम जनुक उड्या मारणाऱ्या तुकड्यावर बसलेलं असतं, शेजाऱ्याला सहज दिलं जातं. लोकांना चघळायला द्यायच्या गोळीत ते नको.

वारणाकाठ
ताई, रूममेटचा. तिचं डिसेंबरमध्ये रूट कॅनाल झालंय आणि अजून दोन दाढा किडक्या आहेत. मी नोंदवहीत दातांचा रकानाच ठेवला नव्हता, आत्ता तिला उठवून विचारलं.

जुनीप्लेट
वाटलंच होतं. लॅक्टोबॅसिलसला किडीच्या खळग्यात मुक्काम करायला फार आवडतं, तिथे आम्ल आणि साखर दोन्ही मिळतं. तू एमआरएस वापरलंस म्हणजे जाळंच त्याच्या मापाचं टाकलंस. चौदाही जणींना त्या डेंटिस्टकाकांसारख्या कुणाकडून तरी तपासून घे. मग ज्यांना एकही कीड नाही त्यांचे जिभेचे स्वॅब मायटिस सॅलिव्हेरियस अगारवर (तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसचं माध्यम) लाव. १६एसवरही सगळा भार टाकू नकोस: मायटिस, ओरॅलिस आणि न्यूमोनिया करणारा न्यूमोनिए यांचे १६एस ९९ टक्क्यांहून जास्त सारखे असतात. न्यूमोनिए वेगळा काढायला ऑप्टोचिन डिस्क आणि बाइल सोल्युबिलिटी (पित्तात विरघळतो का) कर. बघ, पित्त शेवटी कामी आलंच, फक्त वेगळ्या कारणाने.

वारणाकाठ (बारा दिवसांनी)
न्यूट्रलाइज केल्यावर आर-९ आणि आर-२१ चे झोन साफ गेले. आर-३० चा १४ वरून ९ मिमी झाला, वेल ६ मिमीची आहे. कॅटलेजने फरक नाही, ट्रिप्सिनने गेला. चेनमधले कॉकाय (साखळीतले गोल जिवाणू) आहेत, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकससारखे. जिचा आहे तिला एकही कीड नाही, पण तिने मागच्या महिन्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलंय. सरांना दाखवलं, ते बराच वेळ प्लेट उजेडाकडे धरून बसले आणि म्हणाले, "आर-९ चं टेबल परिशिष्टात टाक." ब्लड अगारसाठी रक्त कुठून आणता तुम्ही? आमच्याकडे शेळीचं मिळेल.

जुनीप्लेट
चालेल. निर्जंतुक फ्लास्कमध्ये काचेचे मणी टाकून घेऊन जा, रक्त घेतल्याबरोबर दहा मिनिटं हलवत राहा, नाहीतर गुठळी घेऊन परत येशील. अगार ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय त्यात रक्त ओतू नकोस, रक्त शिजून चॉकलेटी होतं. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनचं लिहिलंस म्हणून सांगते: आर-३० ला एरिथ्रोमायसिनची डिस्क सगळ्यात आधी लाव, दोन्ही औषधं एकाच कुळातली आहेत.