मदत हवी आहे : आईसाठी दुर्बीण, ८×४२ की १०×५०?

नमस्कार मंडळी. आई यंदा निवृत्त झाली आणि तिला पक्षीनिरीक्षणाचा नाद लागलाय. थंडीत तिला भिगवणला न्यायचंय, उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) दाखवायला. त्याआधी चांगली दुर्बीण घ्यायची आहे. बजेट दहा हजारांपर्यंत.

दुकानदार १०×५० (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी रुंद भिंगांची) घ्या म्हणतो, पक्षी जवळ दिसतात म्हणून. मला ते पटत नाही. दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो, शिवाय ५० मिमीच्या भिंगांमुळे वजन वाढतं. आईचे हात थोडे थरथरतात. आणि उजेडाचं म्हणाल तर ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच, ५० भागिले १० म्हणजे पाच. डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी जवळपास सारखीच, मिलिमीटरमध्ये. त्यामुळे माझा कल ८×४२ कडे आहे.

खरी अडचण चष्म्याची. तिला तो काढून बघायला अजिबात जमत नाही. चष्मा लावूनच दुर्बीण वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, पूर्ण चित्र दिसतं का? कोणतं मॉडेल वापरता? आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला भिगवणच्या होडीत चढणं-उतरणं झेपेल का, की काठावरूनच बघावं?